त्यांच्यात चालतं

सगळ्यात आधी एक सांगून टाकते: तो स्ट्यू मी केला नव्हता. कांदासुद्धा मी चिरला नव्हता. बटाटे सोलून दिले, तेवढाच माझा हात लागला, आणि तेही क्षितिजने शनिवारी सकाळी पांघरूण ओढून उठवलं म्हणून. कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, स्ट्यू तर स्ट्यू. म्हणणाऱ्याचं काय जातं?

ब्राउनश्वाइगमधली गोष्ट, दोन हजार सातचा मार्च. मी तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते आणि क्षितिज गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका फर्ममध्ये होता. नावाला माझी खोली वोनहाइमात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर. राहायला मी कायम क्षितिजच्या फ्लॅटवर. तो कोथरूडचा, मी दापोडीची. पुण्यात राहून आपण एकमेकांना जन्मात भेटलो नसतो, असं तो कौतुकाने म्हणायचा. खरंच होतं ते. कोथरूडच्या माणसाला दापोडीत काय काम?

ब्राउनश्वाइगच्या आधी तो वर्षभर डब्लिनला प्रोजेक्टवर होता. तिथून येताना लोक स्वेटर आणतात, चॉकलेटं आणतात. या माणसाने स्लो कुकर आणला. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण, आणि खाली तीन पिनांचा प्लग, जो जर्मनीतल्या एकाही भिंतीत जात नाही. म्हणून त्याला एक ॲडॅप्टर. तो ॲडॅप्टर क्षितिज पासपोर्टपेक्षा जपायचा.

आणि स्ट्यू करताना तर त्याच्या अंगातच यायचं. बीफचे तुकडे आधी मैद्यात घोळवायचे. मग पॅनमध्ये लालबुंद करायचे, पण एका वेळी थोडेच, गर्दी केली की पाणी सुटतं. त्याच पॅनमध्ये कांदा परतायचा, त्यावर ती काळी कडू स्टाउट बीअर ओतायची आणि तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यायचं. "चव तळाला असते, प्राची, तळाला!" मग गाजर, बटाटे, टोमॅटोची पेस्ट, तमालपत्र, थाइमच्या काड्या, सगळं कुकरमध्ये घालून 'लो'वर आठ तास. "आणि झाकण उघडायचं नाही हं. एकदा उघडलं की अर्ध्या तासाची वाफ गेली." मी मुद्दाम झाकणाकडे हात न्यायचे आणि तो किंचाळायचा. चांगले दिवस होते ते. उगाच वाईट होते असं कशाला म्हणू?

पहिल्यांदा त्याने स्ट्यू केला तेव्हा आमची नवी नवी ओळख होती. बाउल माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, बीफ आहे का? मी नाही खात रे. तर हा चकितच झाला.

"तू नाही खात? मला वाटलं, तुमच्यात चालतं."

हे 'तुमच्यात' मी लहानपणापासून ओळखते. शाळेत डबा उघडला की शेजारची मुलगी मान लांब करून आत बघायची आणि विचारायची, तुमच्यात काय काय करतात गं? आणि गंमत अशी की आमच्या घरात नाहीच चालत. माझ्या पणजोबांनी बाबासाहेबांच्या शब्दाखातर मेलेलं ढोर ओढणं सोडलं, खाणंही सोडलं, आणि त्यानंतर आमच्या चुलीवर मोठ्याचं कधी शिजलं नाही. 'मोठ्याचं' हा शब्दसुद्धा आई आवाज खाली आणून म्हणायची. वस्तीत कुणी खात असेल तर त्याला नावं ठेवायची नाही, पण आपल्या उंबऱ्याच्या आत नाही. माझी आई, लीलाबाई, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि बाबा, दादाराव, टेलिफोन खात्यात. आईने विपश्यनेची शिबिरं करून करून पुढे अंडंही सोडलं. मी एकदा वैतागून विचारलं, आई, का गं एवढं? तर म्हणाली, "लोकांनी आपल्या ताटात आधीच वाढून ठेवलेलं असतं, बाई. निदान आपण ते खायचं नाही." दारूचं तर नावच काढायला नको, बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर. आणि इथे बीफ आणि बीअर, दोन्ही एकाच भांड्यात!

माझा चेहरा बघून क्षितिज वरमला. स्वतःचे कान पकडले. "सॉरी, सॉरी. येडा आहे मी. तुमच्यात-आमच्यात असं काही नाही." मग चमचा भरला, फुंकर घातली आणि माझ्या तोंडासमोर धरला. "आजपासून हे आपल्यात चालतं. काय?"

त्या 'आपल्यात'साठी मी तोंड उघडलं. मांसासाठी नाही. मला आजवर कुणी घराबाहेरच्या माणसाने 'आपल्यात' म्हटलं नव्हतं. तो चमचा काय, त्या वेळी त्याने एरंडेल दिलं असतं तरी मी प्यायले असते. पुढे आवडायलाही लागलं, ते निराळं.

तर तो मार्च. क्षितिजची मोठी बहीण अन्वी हानोफरला होती, ट्रेनने आमच्याहून पाऊण तासावर. तिचं बाळंतपण करायला त्यांचे आई-वडील, अरुंधतीकाकू आणि शरदचंद्रकाका, पुण्याहून आले होते. एका शनिवारी ते आमच्याकडे येणार होते, मला बघायला. क्षितिजने त्यांना फोनवर माझ्याबद्दल सांगितलं होतं. बौद्ध आहे, हेही सांगितलं होतं. त्यावर काका म्हणाले होते, "आम्ही असलं काही मानत नाही. मुलगी शिकलेली आहे ना? बास." त्या एका वाक्यावर मी हवेत होते. तिकडे दापोडीला आई-बाबाही हवेत होते. आई म्हणाली, "बघ, माणसं चांगलीच असतात गं. आपणच आधी घाबरतो."

मला फार काही नको होतं. क्षितिजने त्या दोघांसमोर माझ्या शेजारी उभं राहून एवढंच म्हणायचं होतं: हिच्याशी लग्न करतोय मी. बाकी हॉल, साड्या, मुहूर्त, सगळं गेलं खड्ड्यात.

मग त्याच दिवशी बीफ कशाला, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. तर त्याच शनिवारी आयरिश लोकांचा सण होता, सेंट पॅट्रिक्स डे. माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये ऑर्ला नावाची आयरिश मुलगी होती, तिच्याकडे संध्याकाळी पार्टी होती. "स्ट्यू मी आणणार," असं क्षितिजने तिला कधीचं छाती ठोकून सांगून ठेवलेलं. "शब्द दिलाय गं. आणि ऑर्ला पाच वाजता गाडी घेऊन येईल, भांडं घेऊन जाईल. आई-बाबा त्याच्यानंतर येतील. खिडक्या उघडू, उदबत्ती लावू, कुणाला पत्तापण लागणार नाही." ऑर्लाला दिलेला शब्द त्याने पाळला, एवढं मात्र मानायला हवं.

वेळेचा घोळ झाला तो हाल्बमुळे. शुक्रवारी काकांचा फोन आला तेव्हा क्षितिज आंघोळीला गेला होता. काकांनी तरुणपणी पुण्यात जर्मनचे क्लास केले होते, आणि इथे आल्यापासून ते जर्मन कुठे वापरू नि कुठे नको असं त्यांना झालेलं. "प्राची ना? आम्ही उद्या हाल्ब फ्युन्फला तुमच्या दारात. स्टेशनवर कुणी यायचं नाही. ट्राम मला कळते." हाल्ब म्हणजे अर्धा, फ्युन्फ म्हणजे पाच. पाच आणि अर्धा, साडेपाच. मराठी माणूस दुसरा कुठला हिशेब करणार? मी क्षितिजला सांगितलं, साडेपाच. जर्मन माणूस पाचाकडे जाताना अर्ध्या वाटेला हाल्ब फ्युन्फ म्हणतो, म्हणजे साडेचार, हे मला काय माहीत नव्हतं? पण बाकी सगळं बोलणं मराठीत चाललं होतं ना, कानही मराठीच झाले.

शनिवारी सकाळी क्षितिजने कुकर लावला आणि मी माझ्या तयारीला लागले. आधी माझं सामान लपवलं. टूथब्रश, कपडे, चपला, पुस्तकं, सगळं एका मोठ्या बॅगेत भरून खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या कोठीत ठेवून आले. मग स्वयंपाक: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शिरा. त्याच्यासाठी नवं पातेलं विकत आणलं होतं, नवी कढई, नवे डाव. क्षितिज हसला, म्हणाला, अगं, आईला काय कळणार आहे? मी म्हटलं, मला कळेल ना.

साडेचारला बेल वाजली. "ऑर्ला लवकर आली वाटतं," म्हणत क्षितिजने दार उघडलं, तर दारात काका, गळ्यात मफलर, मागे काकू. "पुंक्टलिश! अगदी वेळेवर!" काका म्हणाले. "जर्मनांपेक्षा जर्मन!"

आमचं किचन आणि बसायची खोली एकच. लपवायला कोपरा म्हणून नाही. मी वाकून नमस्कार केला. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "फोटोपेक्षा छान आहेस गं." हातातल्या पिशवीतून एक पुडा काढून टेबलावर ठेवला. कागदाच्या कडेतून हिरवा काठ दिसत होता. मला कळलं, साडी आहे. मी पटकन चहाचं आधण ठेवायला वळले. रडले असते तर कुणाला काय वाटलं असतं?

"किती सुंदर वास येतोय!" काकू मागून म्हणाल्या. "काय शिजतंय?" आणि मी वळेपर्यंत त्यांनी कुकरचं झाकण उचललंसुद्धा. क्षितिजने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. काकूंच्या चष्म्यावर वाफ धरली. "मटण होय? असू दे, असू दे, लाजू नका. क्षितिज बाहेर खातो ते माहितीये आम्हाला. मी खात नाही, पण वासाला काय जातंय?"

तेवढ्यात काकांना ट्रामची तिकिटं टाकायची होती. जर्मनीतल्या कचऱ्याचं त्यांना भारी कौतुक. कागद निळ्या डब्यात, प्लॅस्टिक पिवळ्या पिशवीत, हे ते आम्हालाच समजावून सांगत होते. पिवळ्या पिशवीत वरच सकाळचं मांसाचं रिकामं पाकीट होतं. काकांनी ते उचललं आणि पाटी वाचावी तसं मोठ्याने वाचलं. "फ्रिशेस... रिंडर... गुलाश." आणि थांबले. "रिंड," ते परत म्हणाले, हळू. आयुष्यभर जपलेलं जर्मन नको तिथे कामाला आलं.

"अरुंधती, झाकण ठेव."

"अहो, काय झालं?"

"ठेव म्हणतो ना. गाईचं आहे ते."

काकूंनी झाकण ठेवलं, तिरकंच. बेसिनपाशी गेल्या आणि साबण लावून हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. काकांनी पाकीट पिशवीत सोडलं आणि क्षितिजकडे वळले. "क्षितिज, तुझ्या घरात हे?"

आता क्षितिजची एक खोड सांगायला हवी. जर्मन माणसं बोलायला लागताना 'आल्झो' म्हणतात, आपण 'तर' म्हणतो तसं. क्षितिजला ते लागलं होतं, पण तो ते एकाच वेळी म्हणायचा: काहीतरी टाळायचं असलं की. घरमालकाला भाडं उशिरा देताना आल्झो, बॉसला फाइल राहिली सांगताना आल्झो. मी त्याला चिडवायचे, तुझं खोटं आल्झोवर बसून येतं म्हणून.

"आल्झो," क्षितिज म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. "आल्झो, बाबा, ते प्राचीचं आहे. तिच्या इन्स्टिट्यूटमधल्या लोकांची पार्टी आहे, तिकडे न्यायचंय. मी म्हटलं होतं तिला, आज नको म्हणून. पण..." त्याने खांदे उडवले, आणि अगदी समजूतदार आवाजात म्हणाला, "त्यांच्यात चालतं."

त्यांच्यात.

माझ्याकडे बघून 'तुमच्यात' म्हणाला असता, तर निदान मी त्या खोलीत तरी असते. मी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हसेल, आता म्हणेल, नाही हो बाबा, गंमत केली, माझंच आहे, ओरडा मला. दूध उतू जात होतं, ते मी बंद केलं आणि परत त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मला माझ्या तोंडाने खरं सांगता आलं नसतं का? आलं असतं. चांगलं खणखणीत सांगता आलं असतं. पण मला ते त्याच्या तोंडून हवं होतं. माझ्या तोंडून आल्यावर त्याला काय किंमत?

"असू दे हो," काकू हात पुसत काकांना म्हणाल्या. आवाज इतका मऊ! "तिचा काय दोष? लहानपणापासून जे खाल्लं तेच माणूस खाणार ना."

लहानपणापासून! माझी आई डोळ्यांसमोर आली, अंडं सोडलेली, भिंतीवरच्या प्रतिज्ञा रोज फडक्याने पुसणारी. कुणी ओरडलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मी दोन शिव्या जास्त दिल्या असत्या. दापोडीची आहे मी. पण एवढ्या मायेने कुणी बोललं की काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी चहा गाळला. दोन कप त्यांच्यापुढे ठेवले. "काकू, चहा घ्या ना. आलं घातलंय."

"नको गं. आत्ताच अन्वीकडे झालाय."

"खिचडी तरी घ्या थोडी. सगळं वेगळं केलंय. पातेलंपण नवीनच आहे." पातेलं नवीन आहे, हेसुद्धा मी सांगितलं. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. त्याची लाज मला का वाटावी, हे कळत नाही, पण वाटते.

"भूकच नाहीये बघ," काकू म्हणाल्या. "आणि अन्वी एकटी आहे बाळापाशी. निघतो आम्ही. परत येऊ निवांत." बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा पुडा उचलला आणि पिशवीत ठेवला. मुद्दाम नसेलही. निघताना माणूस आपलं सामान उचलतो, तसा उचलला. क्षितिजने ते बघितलं. त्यांच्याबरोबर ट्रामच्या स्टॉपपर्यंत गेला.

परत आला तेव्हा मी तिथेच उभी होते. तो सरळ कुकरपाशी गेला आणि तिरकं झाकण नीट बसवलं.

"वाफ गेली सगळी," तो म्हणाला.

"वाफ?" मी ओरडले. "वाफ गेली क्षितिज? एवढंच गेलं?"

"हे बघ, ओरडू नकोस. तू साडेपाच सांगितलंस. तू फोनवर नीट ऐकलं असतंस तर हे काही झालंच नसतं." चोर तो चोर, वर शिरजोर!

"'मीच केलंय, बाबा' असं का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. "काय झालं असतं? ओरडल्या असत्या तुझ्या आई. चार दिवस अबोला धरला असता. मग आपला तो बाब्या म्हणून तुझ्या हातचा चहा प्यायल्या असत्या."

"आईला बीपी आहे, प्राची."

"आणि मला काय आहे?"

तो खुर्चीत बसला. माझा हात धरला. त्याचा हात गरम होता, नेहमीसारखा, आणि मला तो सोडवत नव्हता, हेही सांगून टाकते. "अगं, माझ्या नावावर गेलं असतं तर ती कोलमडली असती," तो म्हणाला. "तुझ्या नावावर गेलं तर... म्हणजे त्यांना धक्का नाही ना बसला? बघितलंस ना तू, किती शांतपणे घेतलं. त्यांना तुमच्याबद्दल तसंही... आल्झो, तसं वाटतच असणार ना आधीपासून. मग बिघडलं काय?"

तो मला दुखवायला बोलत नव्हता. तेच तर. कुणाला फार लागणार नाही अशी वाट काढली, असं त्याला मनापासून वाटत होतं. आईचं ताट मला तेव्हा समजलं. वाढून ठेवलेलं ते ताट मी जन्मभर चुकवत आले, सात समुद्र ओलांडून आले, आणि माझ्या माणसाने ते उचलून माझ्यापुढे सरकवलं. वर विचारतो, बिघडलं काय. मी हात सोडवून घेतला. फार जोर लागला त्याला.

तेवढ्यात बेल वाजली. या वेळी ऑर्लाच होती, डोक्यावर हिरवी टोपी, गालांवर हिरवा रंग. आत आली आणि डोळे मिटून जोरात श्वास घेतला. "अरे देवा, माझ्या आजीचं स्वयंपाकघर!" ती इंग्रजीत म्हणाली. "कुणी केलाय हा?"

"मी," क्षितिज म्हणाला.

आल्झो नाही, काही नाही. मघाशी काका उभे होते तिथेच, त्याच फरशीवर उभं राहून, एका क्षणात. "मैद्यात घोळवण्यापासून सगळं मी. सकाळपासून चाललंय." आणि हसून माझ्याकडे बोट केलं. "हिने फक्त बटाटे सोलले."

ऑर्ला हसली. मला मिठी मारली, तिचा हिरवा रंग माझ्या गालाला लागला. क्षितिजने प्लग काढला, ॲडॅप्टर आठवणीने खिशात टाकला, आणि टॉवेलात गुंडाळून भांडं उचललं. "तू तोंड धुऊन ये मागून," मला मराठीत म्हणाला. "बोलू आपण रात्री. आईला मी समजावतो हळूहळू." जिन्यावरून तो ऑर्लाला झाकणाची गोष्ट सांगत उतरत होता, एकदा उघडलं की अर्ध्या तासाची वाफ जाते म्हणून. मी शेवटच्या पायरीपर्यंत त्याचा आवाज ऐकला. कुणी काही म्हणो, माझं त्या आवाजावर प्रेम होतं. ते काही असं प्लग काढल्यासारखं बंद होत नाही.

मी केलरमध्ये गेले आणि बॅग वर आणली. भरायचं काही नव्हतंच. सकाळी मीच माझ्या हातांनी सगळं भरून ठेवलेलं, एक वस्तूही घरात दिसू नये म्हणून. किल्ली टेबलावर ठेवली, चहाच्या कपांशेजारी. दोन्ही कपांवर जाड साय आली होती.

मोबाइल वाजला आणि लगेच थांबला. आईचा मिस्ड कॉल. तिकडे निजायची वेळ टळून गेली होती, पण ती कसली निजतेय. मी कॉलिंग कार्डावरचा नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"आले होते ना गं पाहुणे?"

"हो, आले होते."

"काय केलं होतंस?"

"खिचडी. बटाट्याची भाजी. शिरा."

"शिऱ्यात केळं घातलंस का? बरं, खाल्लं का त्यांनी?" मी टेबलावरची किल्ली उगाच सरळ केली. मग तिचा आवाज एकदम लहान झाला, 'मोठ्याचं' म्हणताना व्हायचा तसा. "प्राची... चहा तरी घेतला ना गं, तुझ्या हातचा?"

माझी नजर त्या कपांवर होती.

"घेतला की," मी म्हटलं. "काकूंनी तर दोनदा घेतला."

"बघ!" आई केवढ्यांदा ओरडली. "मी म्हटलं नव्हतं? जग बदललंय गं बाई, आपणच मागे राहतो!" मग फोनपासून तोंड वळवून, "अहो, ऐकलंत का? चहा घेतला त्यांनी! दोनदा घेतला!"

पलीकडे कॉट करकरली. बाबा उठून बसले असणार. त्यांनी घसा साफ केलेला मला ऐकू आला, मग फोन त्यांच्या हातात गेला.

"बेटा," बाबा म्हणाले, "साखर बरोबर पडली होती ना?"

"पडली होती, बाबा," मी म्हटलं.